लेहेम पानीम : इस्राएल लोकांच्या देवालयांतील समक्षतेची भाकर

कांहीं वर्षांपूर्वीं एका व्याख्यानांत आम्हीं असें विधान केलें होतें कीं, इस्राएल लोकांच्या देवालयांत सुवर्णमंडित मेजावर मांडली जाणारी भाकर म्हणजे आपल्या श्रौत यज्ञांतील पुरोडाशच होय. नांवें निराळीं, वस्तु एक. विधान श्रोत्यांस आवडलें व आम्हांसहि आवडलें, आणि तेथेंच आमची फसगत झाली. पुढें अलीबागकडील बेने इस्राएल समाजांतील एका वृद्ध गृहस्थांशीं या विषयावर बोलणें झालें. त्यांनीं सर्व ऐकून घेऊन एकच प्रश्न विचारला : "गुरुजी, तुमचा पुरोडाश अग्नींत जातो ना? मग आमची ती भाकर अग्नींत कधीं गेली?" त्या वेळीं आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. घरीं येऊन मूळ ग्रंथ पुन्हा पाहिले, तेव्हां प्रश्न विचारणाराचेंच म्हणणें खरें ठरलें. आमचें विधान मागें घ्यावें आणि त्या निमित्तानें या भाकरीचा अर्थ शक्य तितका नीट लावून पाहावा, एवढ्याकरितांच हा लेख लिहिला आहे.

प्रथम शब्दाचा विचार करूं. हिब्रू भाषेंत भाकरीस 'लेहेम' म्हणतात. तोच शब्द सामान्यतः अन्न या अर्थींहि येतो. त्याचा अरबी भाऊ 'लह्म' हा मात्र मांसाचा वाचक आहे. ज्या समाजाचें जें मुख्य अन्न, त्यास तो शब्द चिकटला, असें यावरून दिसतें. दावीद राजाचें जन्मस्थान जें बेथलेहेम, त्याच्या नांवाचा अर्थ 'भाकरीचें घर' असा लावितात. आपल्याकडील बायबलाच्या भाषांतरकारांनीं लेहेमास 'भाकर' हा शब्द योजिला. गरिबाच्या पोटाशीं निगडित असलेला हा शब्द एका दृष्टीनें फार चांगला आहे. परंतु त्यानें एक घोटाळाहि केला आहे. भाकर म्हटली म्हणजे मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढें ज्वारी-बाजरी येते, आणि त्या पिठाच्या भाकरींत खमिराचा प्रश्नच उद्भवत नाहीं. उलट इस्राएल लोकांच्या वेदीसाठीं लागणारें पीठ बहुतेक गव्हाचें, आणि तेंहि निवडक, बारीक चाळलेलें असे. त्यास हिब्रूंत 'सोलेत' म्हणतात व आपल्याकडील 'सपीट' हा शब्द त्यास बरोबर लागू पडतो. गव्हाचें पीठ भिजवून ठेविलें म्हणजे तें आंबतें व फुगतें. तें फुगूं द्यावयाचें कीं नाहीं, या एका गोष्टीवर इस्राएलांच्या अन्नबलींचें अर्धें शास्त्र उभें आहे. वाचकांनीं हें ध्यानांत ठेवावें. आम्ही रूढ झालेला 'भाकर' हाच शब्द पुढें वापरीत आहों.

आतां विधि पाहूं. लेवीय नामक ग्रंथाच्या २४व्या अध्यायांत तो दिला आहे. सपिटाच्या १२ भाकरी भाजाव्या. प्रत्येकींत एफा नामक मापाचे दोन दशांश पीठ असावें. एफाचें मान सामान्यतः २२ लिटरांच्या आसपास धरतात, म्हणजे एका भाकरीस सुमारें साडेचार लिटर पीठ झालें. अशा भाकरीस चपातीची कल्पना लावून चालणार नाहीं. त्यांच्या सहा-सहांच्या दोन रांगा, किंवा मूळ शब्दाचा दुसरा अर्थ घेतल्यास दोन राशी, शुद्ध मेजावर परमेश्वरासमोर मांडाव्या. निर्गम नामक ग्रंथाच्या २५व्या अध्यायांत या मेजाचें माप दिलें आहे : लांबी २ हात, रुंदी १ हात, उंची दीड हात, लांकूड बाभळीच्या जातीचें व त्यावर सोन्याचा पत्रा. एवढ्या मेजावर एवढ्या मोठ्या १२ भाकरी एकीशेजारीं एक मावणें कठिण. म्हणून 'राशी' हा परंपरेचा अर्थच आम्हांस ग्राह्य वाटतो. प्रत्येक राशीवर शुद्ध लोबान ठेवावयाचा. दर शब्बाथीं, म्हणजे शनिवारीं, जुन्या भाकरी उचलून नव्या मांडावयाच्या. लोबान तेवढा अग्नींत जाळावयाचा आणि भाकरी अहरोनाच्या वंशांतील याजकांनीं पवित्र स्थळीं बसून खावयाच्या. हा व्यवहार इस्राएलांकडून होणारा 'सर्वकाळचा करार' होय, असें तेथें स्पष्ट म्हटलें आहे. या शब्दाकडे आम्हांस पुढें परत यावयाचें आहे.

हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्या वाचकांसाठीं येथें एक पाठभेद नमूद करितों. हिब्रू पाठांत राशींवर केवळ लोबान सांगितला आहे. अलेक्झांड्रियाकडे झालेल्या प्राचीन ग्रीक भाषांतरांत मात्र 'लोबान आणि मीठ' असा पाठ आहे. अलेक्झांड्रियाचा यहुदी तत्त्वज्ञ फिलो हा मेजावर भाकरीबरोबर मीठ असल्याचें सांगतो, तें या ग्रीक पाठाच्याच आधारें असावें. हिब्रूचा अत्यंत विश्वसनीय मानला गेलेला हस्तलेख म्हणजे दहाव्या शतकांतील अलेप्पोची पोथी. परंतु १९४७ सालच्या दंगलीनंतर तिचा आरंभींचा बहुतेक भाग नाहींसा झाला, व त्यांत लेवीय ग्रंथ सर्व गेला. म्हणून या अध्यायासाठीं इ. स. १००८च्या सुमारास लिहिलेल्या व लेनिनग्राडची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पोथीचा आधार घ्यावा लागतो. एक पोथी सुमारें हजार वर्षें जपली जाते आणि एका दंग्यांत तिचीं पानें जातात. हें लिहितांना ज्यांच्या घरीं अद्याप नक्कल न झालेलीं बाडें पडून आहेत, अशा मंडळींची आठवण झाल्याखेरीज राहत नाहीं.

या भाकरीस तीन नांवें आढळतात. इतिहास नामक ग्रंथांत 'मांडणीची भाकर' म्हटलें आहे. गणना ग्रंथांत एके ठिकाणीं 'नित्याची भाकर' असें नांव येतें. परंतु मुख्य नांव 'लेहेम पानीम', म्हणजे अक्षरशः 'मुखाची भाकर'. पानीम म्हणजे मुख, चेहरा. आणि 'अमक्याच्या मुखापुढें' म्हणजे त्याच्या समक्ष. ग्रीक भाषांतरकारांनीं कोठें 'समोरील भाकरी' तर कोठें 'मांडलेल्या भाकरी' असे शब्द योजिले. लॅटिन भाषांतरानें मांडणीचाच अर्थ घेतला. जर्मन भाषांतरांत लूथरनें 'दाखविण्याची भाकर' अशा अर्थाचा शब्द घातला व तोच वळसा इंग्रजींत टिंडल यानें नेला. या शेवटच्या शब्दानें यूरोपांत पुष्कळ गैरसमज झाला. दाखविण्याची म्हणजे देखाव्याची, असा अर्थ ध्वनित होऊं लागला. वस्तुतः मूळ शब्दांत देखावा नाहीं, सान्निध्य आहे. मराठींतील 'समक्षतेची भाकर' हा शब्दप्रयोग मूळास अधिक जवळचा आहे.

आमची चूक झाली ती येथेंच. पुरोडाश शब्दाच्या पोटांत 'पुरस्' आहे, म्हणजे पुढें, समोर. आणि दुसरा अवयव 'दाश्', म्हणजे देणें. समोर दिलेलें तें पुरोडाश. मुखासमोर ठेविलेली ती लेहेम पानीम. संस्कृत शिकलेल्या मनुष्यास हें साम्य दिसल्यावर मोह आवरणें कठिण आहे. शिवाय दोन्हीं ठिकाणीं पिठाची वस्तु, दोन्हीं ठिकाणीं ती खमिराशिवाय, दोन्हीं ठिकाणीं ऋत्विजांस किंवा याजकांस तिचा भाग. पण शब्दांचें साम्य म्हणजे क्रियेचें साम्य नव्हे. दर्शपूर्णमासांत अग्नीचा पुरोडाश आठ कपालांवर व अग्नीषोमांचा अकरा कपालांवर भाजतात; नंतर त्याचे तुकडे काढून आहवनीयांत मंत्रपूर्वक होम करितात, आणि जें उरतें त्यांतून इडा, चतुर्धाकरण इत्यादि भाग होतात. तेथें अग्नि हा देवांचें मुख आहे. मुखांत घातल्याशिवाय हवि देवांस पोंचत नाहीं. शतपथ ब्राह्मणांतील प्रसिद्ध कथेप्रमाणें यज्ञीय सार, ज्यास मेध म्हणतात, तें पुरुषांतून अश्वांत, अश्वांतून बैलांत, तेथून मेंढ्यांत व बकऱ्यांत जाऊन शेवटीं भूमींत शिरलें, आणि देवांनीं खणून काढल्यावर तें व्रीहि व यव या रूपानें मिळालें. म्हणून पुरोडाश हा पशूचा प्रतिनिधि होय. लेहेम पानीम कोणाचाहि प्रतिनिधि नाहीं. तिचा एक कणहि वेदीवर जळत नाहीं. तिच्याबद्दल जळतो तो लोबान, आणि त्यास 'अझ्कारा' म्हणजे स्मरणाचा भाग असें नांव आहे. आमच्या वृद्ध स्नेह्यांच्या प्रश्नाचा हाच मुद्दा होता. मुखासमोर ठेविलेली वस्तु मुखांत जात नाहीं, हेंच तिचें वैशिष्ट्य.

पिठाचा जो दुसरा बलि, 'मिन्हा' नांवाचा, त्याची गोष्ट निराळी. लेवीय ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायाप्रमाणें सपीट, तेल व लोबान आणावयाचा, याजकानें त्यांतील मूठभर वेदीवर जाळावयाचें, शेष याजकांचें. पुरोडाशाशीं तुलना करावयाची तर या मिन्हाची करावी, आणि आम्हीं तीच करावयास पाहिजे होती. मिन्हा या शब्दाचा मूळचा अर्थ नुसती भेट, नजराणा. उत्पत्तीच्या कथेंत काइनाचें धान्य व हाबेलाचें मेंढरूं या दोहोंसहि मिन्हाच म्हटलें आहे, आणि मवाबाच्या राजास इस्राएलांनीं पाठविलेल्या खंडणीसहि हाच शब्द आहे. लेवीय ग्रंथाच्या काळीं तो पिठाच्या अर्पणापुरता राहिला. या अर्पणाचें महत्त्व किती होतें, याचा उत्तम पुरावा मिसर देशांतून मिळाला आहे. नील नदींतील एलेफंटाइन बेटावर इराणी राज्याच्या चाकरींत असलेल्या यहुदी शिपायांची वसाहत होती व त्यांचें एक देवालय होतें. तें इ. स. पू. ४१० मध्यें ख्नुम देवाच्या पुजाऱ्यांच्या चिथावणीनें पाडण्यांत आलें. इ. स. पू. ४०७ मध्यें या लोकांनीं यहुदाच्या सुभेदारास अर्ज केला कीं, देवालय पुन्हा बांधूं द्यावें, म्हणजे तेथें मिन्हा, लोबान व होमबलि हीं आम्ही पूर्ववत् अर्पूं. अर्जाची नक्कल व त्यावरील निर्णयाचें टिपण हीं दोन्हीं पपायरसावर मिळालीं असून काउली यांनीं १९२३ मध्यें भाषांतरासह प्रसिद्ध केलेल्या संग्रहांत आलीं आहेत. निर्णयांत मिन्हा व लोबान यांस परवानगी आहे. होमबलीचें नांव नाहीं. कारण काय, यावर विद्वानांत वाद आहे, त्यांत आम्ही पडत नाहीं. पशूवांचून देवालय चालूं शकतें, पीठ व लोबान यांवांचून नाहीं, एवढें तरी या टिपणावरून सिद्ध होतें.

आतां कठिण प्रश्न. भाकर देवासमोर ठेवावयाची ती देवानें खावी म्हणून काय? बायबलांतील भाषा पाहिली तर तसें म्हणावयास जागा आहे. लेवीय ग्रंथाच्या २१व्या अध्यायांत बलींस वारंवार 'देवाची भाकर' म्हटलें आहे; गणना ग्रंथाच्या २८व्या अध्यायांत परमेश्वर स्वतः 'माझी भाकर' असें म्हणतो. शेजारच्या देशांत तर हें सरळच होतें. बाबिलोनिया देशांतील उरुक शहराच्या देवालयाचा जो विधिलेख सांपडला आहे, त्यांत देवतांस दिवसाकाठीं चार भोजनें सांगितलीं आहेत व प्रत्येक भोजनास भाकरींच्या राशी लागत. इस्राएल लोकांतहि सर्वांचा व्यवहार शुद्ध नव्हता. यिर्मया नामक भविष्यवादी तक्रार करितो कीं, मुलें लांकडें गोळा करितात, बाप विस्तव पेटवितात आणि स्त्रिया कणीक मळून आकाशाच्या राणीसाठीं पोळ्या करितात. या पोळ्यांस त्यानें वापरलेला शब्द मूळ बाबिलोनी भाषेंतला आहे. म्हणजे पोळी व देवता दोन्हीं परदेशांतून आलीं. यशया ग्रंथाच्या शेवटीं शेवटीं दैव व भाग्य या देवतांसाठीं मेज मांडणाऱ्यांचा निषेध आहे. मेज मांडणें हें मूळचें साऱ्या पश्चिम आशियांतलें कर्म, यांत आम्हांस संशय वाटत नाहीं.

परंतु त्या कर्माचें इस्राएलांनीं काय केलें, हें पाहण्यासारखें आहे. ५०व्या स्तोत्रांत देव बजावितो कीं, आपणांस भूक लागली तरी ती माणसांस सांगण्याची गरज नाहीं, कारण सर्व जग आपलेंच आहे. दानिएल ग्रंथाच्या ग्रीक पुरवणींत बेल देवाची कथा आहे. त्या मूर्तीपुढें रोज बारा मापें सपीट, चाळीस मेंढरें व सहा मापें द्राक्षारस ठेवीत, आणि सकाळीं सर्व फस्त झालेलें असे. दानिएलानें रात्रीं देवळाच्या जमिनीवर राख पसरली. सकाळीं त्या राखेंत पुजारी, त्यांच्या बायका व मुलें यांचीं पावलें उमटलेलीं दिसलीं. कथा गमतीची आहे; पण ती सांगणाराच्या स्वतःच्या देवालयांतहि बारा भाकरी मांडल्या जात होत्या व याजकच त्या खात होते! मग फरक कोणता? फरक हाच कीं, येथें चोरी नाहीं. याजकांनीं खावी हेंच शास्त्रांत लिहिलें आहे, दिवस ठरलेला आहे, जागा ठरलेली आहे. देव खातो असा बहाणाच ठेविला नाहीं. भाषा जुनी राहिली, क्रिया मात्र आंतून बदलली. रॉबर्टसन स्मिथ यांनीं १८८९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या सेमेटिक धर्मांवरील व्याख्यानांत या भाकरीची तुलना इतर राष्ट्रांत देवांपुढें मांडल्या जाणाऱ्या मेजांशीं केली आहे. उगमापुरती ती मान्य करूनहि ती अर्थापर्यंत पोंचत नाहीं, असें आमचें मत आहे.

अर्थ शोधावयाचा तो 'करार' या शब्दांत. भाकरी १२, वंश १२. जोसेफस या यहुदी इतिहासकारानें १२ भाकरी म्हणजे राशिचक्र व बारा महिने असें लिहिलें आहे व फिलोचाहि कल तिकडेच आहे; पण हे दोघेहि ग्रीक-रोमन वाचकांस समजेल अशा भाषेंत बोलत होते, हें विसरतां कामा नये. निर्गम ग्रंथाप्रमाणें मुख्य याजकाच्या उरपटावर १२ रत्नें असून त्यांवर १२ वंशांचीं नांवें कोरलेलीं होतीं, तींहि परमेश्वरासमोर नित्य स्मरणासाठीं. रत्नांचा अर्थ वंश, आणि भाकरींचा अर्थ राशिचक्र, हें संभवत नाहीं. तेव्हां मेजावर जें ठेविलें जाई, तें देवाचें जेवण नसून खुद्द लोकांचें रूप होतें. आपलें रोजचें अन्न, म्हणजेच आपलें जगणें, त्यांनीं त्याच्या नजरेसमोर ठेविलें, आणि सात दिवस तें तेथें राहिलें. नंतर याजकांनीं तें खाल्लें, म्हणजे धन्याच्या मेजावरची भाकर त्याच्या घरच्या माणसांस मिळाली. प्राचीन पूर्वेकडे एकत्र भाकर खाणें म्हणजे करार करणें. इसहाक व अबिमलेख, याकोब व लाबान यांचे करार जेवूनच झाले. आपल्याकडेहि एखाद्याचें मीठ खाल्लें म्हणजे काय, हें सांगावयास नको; आणि गंमत अशी कीं लेवीय ग्रंथांतहि प्रत्येक अन्नबलीस मीठ अवश्य सांगितलें असून त्यास 'कराराचें मीठ' असेंच नांव आहे.

'नित्य' या शब्दावर पुढील शास्त्र्यांनीं किती बारीक विचार केला, तें मिश्ना ग्रंथाच्या मेनाहोत प्रकरणांत दिसतें. चार याजक आंत जात : दोघांच्या हातीं भाकरींच्या राशी, दोघांच्या हातीं लोबानाच्या वाट्या. त्यांच्यापुढें दुसरे चार जात, जुनें उचलण्याकरितां. नवें आणणारे उत्तरेस दक्षिणाभिमुख उभे राहत, जुनें नेणारे दक्षिणेस उत्तराभिमुख. हे ओढीत असत तोंच ते ठेवीत असत; एक मूठभर जागा मोकळी होई ती तत्क्षणीं दुसऱ्या मुठीनें भरे, कारण भाकर 'माझ्यासमोर नित्य' असावी अशी आज्ञा. यावर योसे नांवाच्या शास्त्र्याचें म्हणणें असें कीं, आधीं सर्व उचललें व मग ठेविलें तरी तेंहि नित्यच. दोन मतांतील भेद आमच्या मीमांसकांसहि रुचावा असा आहे. एकाच्या मतें नित्य म्हणजे अखंड. दुसऱ्याच्या मतें नित्य म्हणजे नियमानें पुनःपुन्हा होणारें, जसें आपलें नित्यकर्म. आंत नेतांना भाकरी ओसरींत संगमरवरी मेजावर टेकवीत आणि बाहेर आणल्यावर सोन्याच्या मेजावर, कारण पवित्र वस्तूची पायरी चढवावी, उतरवूं नये. शुक्रवारीं भाजलेली भाकर पुढच्या शनिवारच्या आधीं कोणाच्या मुखीं जात नसे. म्हणजे ती कमींत कमी नवव्या दिवसाची असे. तरीहि काढतांना ती ठेवतेवेळीं होती तशीच ताजी व ऊन असे, अशी तालमूदांत आख्यायिका आहे. यात्रेच्या सणांत मेज उचलून जमलेल्या लोकांस दाखवीत, तें याच कौतुकासाठीं.

नऊ दिवस न बुरसणारी ही भाकर करण्याची विद्या गार्मू नांवाच्या एकाच घराण्यांत होती आणि तें घराणें ती कोणास शिकवीत नसे. मिश्नेंत त्यांच्या नांवावर हा दोष लिहून ठेविला आहे. तालमूदांत पुढील हकीकत आहे. शास्त्र्यांनीं त्यांस काढून अलेक्झांड्रियाहून कारागीर आणविले. त्यांस भाजतां येई, पण भाकर भट्टींतून नीट काढतां येईना, आणि त्यांच्या भाकरीस बुरशी येऊं लागली. शेवटीं गार्मूंस परत बोलवावें लागलें व त्यांनीं वेतन दुप्पट करून घेतलें. विद्या कां शिकवीत नाहीं म्हणून विचारतां ते म्हणाले कीं, हें देवालय एक दिवस पडणार हें आमच्या वडिलांस ठाऊक होतें. तेव्हां ही कला अयोग्य माणसाच्या हातीं जाऊन तिचा मूर्तिपूजेस उपयोग होऊं नये. त्यांच्या मुलांच्या हातांत कधीं सपिटाची भाकर कोणी पाहिली नाहीं, कारण देवाच्या भाकरींतून घरीं नेली असा संशय यावयाचा. हें मात्र त्यांच्या पदरीं पुण्य म्हणून नोंदलें आहे. दप्तर दाखविण्यास नाखूष असलेलीं घराणीं ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस गार्मूंचें उत्तर अपरिचित वाटणार नाहीं. हेतु शुद्ध असेल. पण देवालय पडलें आणि विद्याहि त्याबरोबर गेली.

खमिराविषयीं थोडक्यांत. वेदीवर खमीर व मध चढवावयाचा नाहीं, असा लेवीय ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायांत नियम आहे. लेहेम पानीम बेखमीर होती असें जोसेफस स्पष्ट सांगतो. वल्हांडणाच्या सणांत सात दिवस घरांतहि बेखमीर, आणि अनुवाद ग्रंथांत त्यास 'दुःखाची भाकर' म्हटलें आहे. असें असूनहि सप्ताहांच्या सणांत नव्या गव्हाच्या ज्या दोन भाकरी आणीत त्या मुद्दाम खमिराच्या, व उपकारस्तुतीच्या बलीबरोबरहि कांहीं खमिराच्या असत. फक्त त्या वेदीवर जाळीत नसत. म्हणून खमीर म्हणजे पाप, हें पुढील उपदेशकांचें समीकरण या ग्रंथांस लागू करणें चुकीचें आहे. आंबणें म्हणजे बदलणें, नासण्याच्या वाटेस लागणें. तें घरांत चालतें, अग्नींत चालत नाहीं, एवढाच भाव दिसतो. धान्यभेदहि असाच बोलका आहे. ज्यास दोन पारवेहि परवडत नाहींत त्यानें पापबलि म्हणून एफाचा दशांश सपीट आणावें, पण तेल व लोबान न घालतां. आणि ज्या स्त्रीवर नवऱ्याचा संशय आहे तिच्यासाठीं आणावयाचें पीठ सातूचें, तेंहि कोरडें. तेल व सुवास हीं आनंदाचीं चिन्हें. जेथें आनंद नाहीं तेथें तीं गाळलीं आहेत.

दावीद शौलापासून पळत असतां नोब येथें आला, आणि दुसरी भाकर नसल्यामुळें अहीमलेख याजकानें त्यास हीच पवित्र भाकर दिली, ही कथा शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथांत आहे. येशूनें शब्बाथाच्या वादांत या प्रसंगाचा दाखला दिला. मार्काच्या शुभवर्तमानांत मात्र याजकाचें नांव अब्याथार, म्हणजे अहीमलेखाच्या मुलाचें, पडलें आहे. मत्तय व लूक यांनीं नांवच गाळलें, आणि बेझेची पोथी व आणखी कांहीं हस्तलेख यांत मार्काच्या पाठांतूनहि तें शब्द नाहींसे झाले आहेत. अडचणीचा पाठच मूळचा असतो, लेखक तो सोपा करितो, या नियमाचें याहून स्वच्छ उदाहरण क्वचित् मिळेल.

इतकें लिहून झाल्यावर मैमोनिदिसाचें मत सांगणें आमचें कर्तव्य आहे, जरी तें आमच्या सोयीचें नाहीं. बाराव्या शतकांतील या महापंडितानें आपल्या मार्गदर्शक ग्रंथाच्या तिसऱ्या भागांत देवालयांतील जवळजवळ प्रत्येक वस्तूचें प्रयोजन सांगितलें आहे. दीपवृक्ष कां, धूप कां, खमीर व मध वर्ज्य कां. मेज व त्यावरील नित्याची भाकर यांपाशीं येऊन मात्र तो म्हणतो कीं, याचें कारण मला माहीत नाहीं. त्यानंतरच्या शतकांत नाहमानिदिसानें उत्तर देण्याचा यत्न केला : देवाची वृद्धि शून्यावर होत नाहीं, तिला कांहीं तरी आधार लागतो, अलीशानें विधवेच्या घरीं तेल वाढविलें तें कुपींत थोडें होतें म्हणून, तसें मेजावर थोडें अन्न असलें म्हणजे त्यावर सर्वांच्या अन्नाची वृद्धि उतरते. हें मत सुंदर आहे. पण करार या शब्दाचा उलगडा त्यांत होत नाहीं, म्हणून आम्ही आमच्याच मताकडे झुकतों.

इ. स. ७० मध्यें रोमनांनीं देवालय जाळलें. तितसाच्या मृत्यूनंतर रोम शहरांत उभारलेल्या कमानीवर विजयाच्या मिरवणुकींतील लूट कोरलेली आहे, तींत दीपवृक्षाबरोबर हें मेजहि दिसतें. मेजावर भाकर नाहीं. पुढें शास्त्र्यांनीं ठरविलें कीं, देवालय असतांना वेदी प्रायश्चित्त करीत असे, आतां मनुष्याचें स्वतःचें जेवणाचें मेज तें करितें; म्हणजे त्यावर अतिथीस जेवूं घातल्यानें. कणकेंतून याजकाचा भाग काढण्याची जी 'हल्ला' नांवाची चाल, तीहि राहिली, मात्र तो तुकडा आतां जाळून टाकितात.

शेवटीं बेने इस्राएलांच्या 'मलिद्या'विषयीं, कारण आमच्या स्नेह्यांनीं बोलण्याच्या ओघांत तोहि विषय काढला होता. कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड जिल्ह्यांत शनिवार तेली म्हणून ओळखला जाणारा हा समाज. त्याच्या चालीरीतींची माहिती हाईम सॅम्युएल केहीमकर यांच्या १९३७ मध्यें छापलेल्या इतिहासांत मिळते. एलियाहू नबीच्या नांवानें, विशेषतः नवस फेडतांना, भिजविलेले पोहे, खोबरें, गोड व सुका मेवा यांचा मलिदा करून फळांसह ताटांत मांडतात आणि प्रार्थनेनंतर सर्वांस वांटतात. अलीबागजवळील खंडाळें येथें एलियाहूच्या रथाच्या घोड्यांच्या टापांच्या म्हणून ज्या खुणा दाखवितात, तेथेंहि हा विधि होतो. हा मलिदा म्हणजे प्राचीन मिन्हाचा अवशेष, असें समाजांतील कित्येक लेखक म्हणतात. एकदां हात पोळल्यामुळें आम्ही येथें सावधपणें लिहितों. मलिदा हा शब्द फारसी, त्याचा अर्थ चोळलेलें, मळलेलें. याच नांवाचा प्रसाद मुसलमानांच्या दर्ग्यांतहि वांटतात. तांदुळाचा उल्लेख हिब्रू बायबलांत कोठेंहि नाहीं, आणि मिश्नेनें तर तांदुळाच्या पिठास हल्ल्याच्या नियमांतून स्पष्ट वगळलें आहे. तेव्हां वस्तु व नांव दोन्हीं या देशांतलीं. पण सर्वांनीं मिळून देवापुढें मांडावें, कांहीं न जाळतां वांटून खावें, हा प्रकार मिन्हापेक्षां लेहेम पानीमशींच अधिक जुळतो, असें आम्हीं त्या गृहस्थांस सांगितलें, तेव्हां त्यांनीं मान हलविली व म्हणाले, "तेंहि छापण्यापूर्वीं एकदां येऊन बघा." त्याप्रमाणें पुढल्या नवसाच्या वेळीं जाण्याचें ठरलें आहे.